अकरा हातांवरची नदी

माझे सासरे खोटं बोलतात, असं सगळं गाव म्हणायचं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच पोळ्याला मीही गावाला जाऊन मिळाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच शेखी मिरवणार आहे आणि ती मिरवायचा मला अर्धाच हक्क आहे.

मी मूळची अकोल्याची. वडील वकील. आमच्या घरी वरणात मीठ कमी पडलं तरी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जायच्या, आणि निकाल लागेपर्यंत वरण थंड व्हायचं. वादात माघार घ्यायची नाही हे मी तिथे शिकले, आणि त्याचे फटकेही पुढे बरेच खाल्ले. मग अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. सासर मिळालं मोर्शी तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठावरचं. संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर, आणि दारात बैलजोडी.

त्या पहिल्या पोळ्याची गोष्ट. सकाळपासून मामाजी, म्हणजे माझे सासरे, बैलांच्या मागे होते. नदीवर नेऊन धुतलं, शिंगांना रंग दिला, बेगड लावली, पाठीवर झूल टाकली, कपाळावर कवड्यांच्या माळा बांधल्या. दुपारनंतर गावातल्या जोड्या एकामागून एक देवळापुढच्या तोरणाकडे निघाल्या. घुंगरांचा आवाज येत होता. आमची जोडी मात्र अंगणातच उभी. मामाजींनी तिथेच पूजा केली, पुरणपोळी खाऊ घातली, झुली उतरवल्या आणि बैल घेऊन वावरात निघून गेले.

मी स्वयंपाकघरात सासूबाईंना विचारलं, "आपले बैल तोरणाखाली काहून नाही गेले?"

"नाई जात," त्या पोळी उलटत म्हणाल्या. "लय वर्सं झाले. तुह्या सासऱ्याच्या विहिरीपायी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मामाजी वीस-बावीस वर्षांचे असताना आमच्या वरच्या वावरात विहीर खोदली. हे वावर गावापेक्षा चांगलंच उंच आहे. तिथे उभं राहिलं की देवळाचा कळस खाली दिसतो, आणि नदी तर त्याहून कितीतरी खाली. त्या विहिरीत अकरा हातांवर गोटे लागले. साधे फुटके दगड नव्हेत. गोल, गुळगुळीत, काही लालसर, काही पांढऱ्या गारगोट्या, आणि त्यांच्यात शिंपले. खाली तीन हात तेच, आणि मग काळा खडक. मामाजी एक शिंपला मुठीत धरून धावत गावात आले आणि देवळाच्या पारावर सगळ्यांना सांगत सुटले की आपल्या वावरात नदी होती.

लोकांनी बघायला यायला हवं होतं. पण पाऊस तोंडावर आला होता. मामाजींच्या वडिलांनी घाई करून आठ दिवसांत विहीर वरपर्यंत दगडांनी बांधून काढली, आणि निघालेले गोटे त्या बांधकामाच्या मागे भरावाला गेले. खोदणारे बाहेरगावचे, काम झालं तसे पांगले. सगळ्यांत गोल आणि देखणा एक गोटा मामाजींच्या आईला आवडला. तिनं तो धुतला, निंबाखाली मांडला आणि शेंदूर फासला. झालं. पुरावा होता, त्याचा देव झाला. आता देवाला खरवडून आतला दगड कोण बघणार? उलट गाव त्याला नारळ फोडायला लागलं आणि मामाजींना हसायला लागलं, दोन्ही एकाच झाडाखाली. उरला तो एक शिंपला, मामाजींच्या तंबाखूच्या डबीत. पण एक शिंपला काय, कोणीही नदीवरून उचलून आणू शकतो.

त्या वर्षीच्या पोळ्याला मामाजींच्या चुलतभावानं झडती म्हटली. आमच्याकडे तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की हजरजबाबी माणसं झडत्या म्हणतात, टोमणे मारत, यमक जुळवत, आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. या चुलतभावांना मी काकाजी म्हणते. त्यांच्याइतका झडतीवाला पंचक्रोशीत नाही. त्यांची ती झडती अशी होती:

"वर्धा माय, वर्धा माय, कुठी चालली?
घागर घेऊन टेकडावर पानी प्याले चालली.
टेकडावर विहीर, विहिरीत शिंपला,
सांगनाऱ्यानं नांगराले बोकड्या जुंपला."

गाव पोट धरून हसलं. पुढच्या वर्षी पुन्हा तीच. त्याच्या पुढच्या वर्षी काकाजींनी "वर्धा माय" एवढंच म्हटलं आणि लोकांनी बाकीची झडती पूर्ण केली. मामाजींनी ओळीतून बैल मागे फिरवले. ते पुन्हा कधी गेले नाहीत.

आता माझा पराक्रम ऐका. माझ्या त्या पहिल्या पोळ्याच्याच संध्याकाळी काकाजी आमच्याकडे पुरणपोळीला आले. दोघांत वैर नव्हतं हो. एका ताटात जेवतील असे भाऊ. आठ-दहा माणसं पंगतीला होती. काकाजी मला म्हणाले, "सूनबाई, तुमी तं भूगोलाच्या मास्तरीन. सांगा बरं, नदी टेकडावर चढते का?"

मी नवी नवरी. शिकलेली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी म्हटलं, "पाणी उतारानं वाहतं, चढत नाही. कुणीतरी बांधकामासाठी नदीतली रेती नेऊन टाकली असेल तिथे, त्यात आले असतील शिंपले." आणि वर हसले. कशाला हसले ते आजही मला सांगता येत नाही. मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताटावर पाणी सोडलं आणि उठले.

पुढच्या पोळ्याला झडतीत दोन ओळी वाढल्या:

"शिकेल सून घरात आली, तिनंबी ऐकलं,
पदराआड तोंड केलं अन् हासू झाकलं."

हे कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हसू झाकलंही नव्हतं. पण मी खोटं तर काही बोलले नव्हते ना, अशी मनाची समजूत काढून मी गप्प बसले. वकिलाची पोर. चूक कबूल करायच्या आधी कायदा बघणार.

बरं, गंमत अशी की "नदीच्या पायऱ्या" हा धडा मी दरवर्षी शिकवत होते. नदी आधी गाळ टाकून सपाट पात्र भरते, मग तेच कापून खाली उतरते, जुना तळ दोन्ही काठांवर पायरीसारखा उंच राहतो. व्याख्या लिहून द्यायची, आकृती काढायची, पाच गुण. माझी आकृती छान यायची. फळ्यावर तीन पायऱ्या, खाली नदी.

असंच एका वर्षी आकृती काढून झाली, तास संपायला वेळ होता, म्हणून मी शोभेसाठी मधल्या पायरीवर चार घरं काढली. एक देऊळ काढलं. वरच्या पायरीवर झाड काढलं, त्याच्या बाजूला विहीर. खालच्या पायरीवर टरबुजाचे वेल. आणि खडू हातात तसाच राहिला. समोर आमचं गाव होतं. नदीकाठची वाडी, मग चढ, मग सपाटीवर गाव, मग पुन्हा चढ, मग सपाट वावर. त्या चढांवरून मी वीसेक वेळा डोक्यावर डबा घेऊन गेले असेन, चढ लागतो म्हणून कुरकुरतही गेले असेन. मला काही दिसलं नव्हतं. पाणी चढतं का, या प्रश्नाला मी बरोबर उत्तर दिलं होतं आणि प्रश्नच चुकीचा होता. नदी वावरात चढली नव्हती. ती तिथेच होती, आणि तिथून खाली उतरली.

मुली म्हणाल्या, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, वह्या काढा.

त्या शनिवारी मी गावी गेले. मामाजी निंबाखाली दोर वळत बसले होते. सासूबाई तोवर गेल्या होत्या, त्यामुळे मध्यस्थी करायलाही कोणी नव्हतं. मी सरळ सांगितलं, "मामाजी, मी चुकले. तुमचं खरं होतं. मी लोकांसमोर हसले, मला माफ करा."

ते दोर वळतच राहिले. मग म्हणाले, "तुले आता पटलं. लय चांगलं झालं. पन तू घरात चूक कबूल करून राह्यली, अन् मी खोटा ठरलो पारावर. हे जोडी म्हातारी झाली, सूनबाई. हे गेली का मी दुसरी घेनार नाई, टॅक्टरच हाय आता. दोन-तीन पोये रायले या बैलायचे अन् माहे. तोरनाखालून एकडाव जाच होतं."

एवढंच. तक्रार नाही, रडगाणं नाही. मी मनाशी ठरवलं की या माणसाचे बैल तोरणाखालून गेलेच पाहिजेत. पण ठरवून काय होतं? बांधलेली विहीर पाडायची? शेंदूर खरवडायचा? लोकांना आकृती दाखवली तर म्हणाले असते, सून सासऱ्याची बाजू घेते, आणि आधी हसली होती त्याचं काय?

दीड वर्ष असंच गेलं. एका उन्हाळ्यात मामाजींचा फोन आला. ते स्वतःहून फोन कधीच करत नाहीत. "सूनबाई, आपल्या वावराच्या धुऱ्यावरचा नाला खोल करून राह्यले मशीननं. तू ये," म्हणाले आणि ठेवून दिला.

मी पहिली एसटी पकडली. आमचे हे म्हणाले, रविवारी गाडीनं जाऊ. मी म्हटलं, रविवारपर्यंत काठ ढासळला तर तुम्ही उचलून धराल का? त्यांनी माझी पिशवी आणून दिली. शहाणे आहेत.

पोचले तर मामाजी बांधावरच्या त्या नाल्याच्या काठावर बाभळीखाली बसलेले. सकाळपासून तिथेच होते म्हणे, पण खाली उतरले नव्हते. मी विचारलं, "तुम्ही बघितलं नाही?"

"नाई. मी आंदी उतरलो अन् मले दिसलं म्हटलं, तं कोन आयकन? तू उतर. तुह्या डोयानं पाह्य."

पन्नास वर्षं वाट बघितलेला माणूस साक्षीदार येईपर्यंत आणखी अर्धा दिवस काठावर थांबला होता. मी चपला काढल्या आणि उतरले.

मशीननं नाल्याचा काठ सरळ कापला होता. वर काळी माती, कपाशीची मुळं त्यात लोंबत होती. तिच्याखाली पिवळसर गाळ, पुरुषभर उंचीहून जास्त, आणि त्यात चुनखडीचे पांढरे खडे. हे खडे एका पावसाळ्यात होत नाहीत. पाण्यातला चुना मातीत थेंबाथेंबानं साठत जातो आणि त्याला किती पिढ्या लागतात ते कोणी मोजलेलं नाही. आणि त्या गाळाखाली ते होते. गोटे. गोल, एकमेकांना चिकटून बसलेले, लाल, करडे, पांढऱ्या गारगोट्या. आमच्या नाल्यात असले दगड येतच नाहीत. तो दोन वावरांपलीकडच्या टेकाडावरून येतो आणि काळे, कोपरेवाले दगड आणतो. हे घासून घासून गोल झालेले, लांबून आलेले. थराच्या पायथ्याशी काळा खडक. आणि गोट्यांच्या मध्ये एक शिंपला, पालथा, माझ्या अंगठ्याएवढा.

मी तिथेच बसले आणि रडले. खरंच रडले. मग वर ओरडून सांगितलं, "मामाजी, आहे."

ते हळूहळू उतरले. गोट्यांवरून हात फिरवला, एकेक ओळखीचा असावा तसा. शिंपला स्वतःच्या नखानं सोडवून घेतला. मी टेप काढली तर म्हणाले, "तू नोको मोजू. गाव मोजन."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी आले. गावातला गवंडी आला, आणि त्यांच्या मागे रिकामटेकडी पंधरा-वीस माणसं. काकाजींनी गोटे बघितले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "गोटे हायेत, खरं हाय. पन तुह्या विहिरीतबी हेच होते कायवरून? तू तं अकरा हात सांगत होता."

"अकराच," मामाजी म्हणाले. "माह्या हाताचे. मोजून घे."

गवंड्यानं मामाजींचा हात कोपरापासून बोटांपर्यंत धरून दोरीला अकरा गाठी मारल्या. काकाजींनी दोरी काठावरून खाली सोडली. मी खाली उभी होते, गाठी मोजत. गोट्यांचा थर नवव्या गाठीपाशी सुरू झाला.

"किती?" काकाजींनी वरून विचारलं.

मला सांगावंच लागलं. नऊ.

"नऊ," काकाजी म्हणाले. "दोन हात कुठी गेले? बोकड्यानं खाल्ले काय?"

सगळे हसले. मामाजींचा चेहरा पडला. तेच मला सोसलं नाही. माझं डोकं सणकलं. आणि माझं एक बरं आहे, डोकं सणकलं की ते चालायला लागतं. मी वर आले, विहिरीकडे बघितलं, नाल्याकडे बघितलं. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाणी सोडलं की ते विहिरीकडून नाल्याकडे येतं. आपोआप येतं. म्हणजे?

"काकाजी," मी म्हटलं, "तुम्ही जमिनीपासून मोजलंत. जमीन कुठे सपाट आहे? विहिरीपाशी ती उंच आहे. या वावरात तुम्ही लहानपणापासून डवरे हाकले आणि उतार कुठे आहे ते मी सांगायचं का?"

आता गवंड्याला रस आला. त्यानं सायकलला बांधलेली पाण्याची नळी आणली, भिंतीची लेव्हल काढतात ती. पाणी भरलं. विहिरीच्या काठापासून नाल्यापर्यंत खुंट्या ठोकत, नळी सरकवत, आम्ही सगळे त्याच्यामागे. उन्हं तापली तरी एकही माणूस घरी गेला नाही. शेवटच्या खुंटीला त्यानं दोरी लावली, गाठी बघितल्या आणि जाहीर केलं, "विहिरीपासची जमीन दोन हात अन् चार बोटं उच्ची हाय."

नऊ आणि दोन. कोणालाच बेरीज सांगावी लागली नाही.

"चार बोटं उरले," काकाजी म्हणाले, पण आवाज बसला होता.

"चार बोटं तं माह्यावाली भिंतबी चुकते," गवंडी म्हणाला, आणि या वेळी लोक काकाजींना हसले.

गोट्यांखालचा खडकही बघितला. तीन हातांवर. मामाजींनी पन्नास वर्षं जे आकडे सांगितले होते, त्यातला एकही हलला नव्हता.

पण काकाजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. परत जाताना देवळापाशी थांबले आणि मला म्हणाले, या वेळी टोमणा न मारता, "सूनबाई, गोटे नदीचे हायेत हे मले पटलं. पन माह्या डोक्यात येक बसून नाई राह्यलं. इतकं पानी चढलं कसं? मंग तं मोर्शी बुडाली असन."

इथेच सगळं गाव पन्नास वर्षं अडकलं होतं. आणि मीही. देवळाच्या सभामंडपाचं काम चालू होतं, रेतीचा मोठा ढीग पडलेला. मी पुजाऱ्याकडून नळाचा पाइप मागून घेतला. ढिगाला उतार केला, पायथ्याशी एक वीट आडवी लावली आणि वरून बारीक धार सोडली. मग मामाजींना म्हटलं, वरून मुठीनं रेती टाकत राहा.

रेती जास्त झाली की पाण्याला ती ओढवत नाही. धार फुटली, पसरली, जिकडे तिकडे रेती टाकत गेली, आणि विटेमागे चांगली वीतभर रुंद सपाटी तयार झाली. "हे तुमचं वरचं वावर," मी म्हटलं. "नदी आत्ता इथे वाहते आहे. कुठेही चढलेली नाही. आपल्याच गाळावर बसली आहे." मग मामाजींना थांबवलं आणि वीट अर्धी सरकवली. रेती येणं बंद, खाली जायला वाट मोकळी. धारेनं आपलीच सपाटी मधोमध कापायला सुरुवात केली. कापत खाली गेली, तिथे थोडी थांबली, डावी-उजवीकडे खात रुंद झाली. "हे गाव." मग वीट पूर्ण काढली. पुन्हा कापलं, पुन्हा खाली. "ही टरबुजाची वाडी, आणि ही आजची वर्धा." दोन्ही बाजूंना ओल्या रेतीच्या पायऱ्या उभ्या होत्या. "इथे एक मिनिट लागलं. तिथे हजारो वर्षं लागली. तेव्हा ना मी होते, ना तुम्ही, ना मोर्शी."

काकाजी उकिडवे बसून बघत राहिले. मग त्यांनी बोटानं वरच्या पायरीवर एक खड्डा केला, विहिरीएवढा. आणि उठून गेले. लोकांनी मामाजींकडे बघितलं. मामाजी पाइप गुंडाळत होते.

पण 'तू खरा होतास' अशी कबुली काकाजींनी मामाजींना दिली नाही ती नाहीच. त्यामुळे पोळा येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. झडती तर त्यांच्याच तोंडात. त्यांनी पुन्हा "वर्धा माय" सुरू केलं, तर मोजमाप गेलं चुलीत. गाव सवयीनं हसलं असतं, आणि मामाजींनी दुसऱ्यांदा बैल मागे फिरवले असते. ते मला बघवलं नसतं.

पोळ्याच्या दिवशी मामाजींनी बैल सजवले. कवड्यांच्या माळा बांधायच्या आधी मला बोलावलं आणि तंबाखूची डबी उघडली. आत दोन शिंपले. एक विहिरीतला, पन्नास वर्षं तंबाखूत राहून पिवळा पडलेला. दुसरा नाल्यातला. दोन्ही त्यांनी बारीक तारेत गुंफले होते. एक डाव्या बैलाच्या कपाळावर बांधला, एक उजव्याच्या, कवड्यांच्या मधोमध. मग कासरा हातात घेतला आणि दाराबाहेर पडले. मी पूजेचं ताट घेऊन मागे. आमचे हे मागे. वाटेवर बायका ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या.

तोरणाखाली ओळ लागली होती. आमची जोडी शेवटी जाऊन उभी राहणार, तर पुढच्या माणसांनी आपापले बैल बाजूला घेतले आणि वाट दिली. मामाजी तोरणाच्या अगदी खाली जाऊन उभे राहिले. समोर काकाजी. घुंगरं थांबली. लोक त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

काकाजींनी "वर्धा माय" म्हटलं.

आणि ते तिथेच थांबले. गाव पुढची ओळ म्हणेल म्हणून मी हातातल्या ताटाची कड आवळून धरली. कोणी काही बोललं नाही. काकाजी मामाजींना म्हणाले, "पुढचं मले येत नाई. तूच म्हन."

मामाजी कधी झडती म्हणणारे नव्हते. पण त्यांची तयार होती. देव जाणे किती वर्षांपासून तयार होती. त्यांनी गळा साफ केला आणि वावरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक जाईल अशा आवाजात म्हटलं:

"वर्धा माय, वर्धा माय, कुठी होती?
तुमी-आमी नोतो तवा माह्या वावरात होती.
येक पायरी वावराची, दुसरी गावाची,
तिसरीवर वाहून राह्यली, नाई कोनाच्या बापाची."

महादेवाचा असा गजर मी त्या गावात कधी ऐकला नव्हता. तोरण तुटलं, बैल निघाले, आमची जोडी सगळ्यांत पुढे. म्हातारे बैल, पण मानेची ऐट बघण्यासारखी. मी रस्त्यात उभी राहून रडत होते आणि हसतही होते, आणि या वेळी पदराआड काहीच नव्हतं. माझ्या आयुष्यात मी बरेच वाद जिंकले आहेत. असा आनंद एकाही वादानं दिला नाही, आणि हा तर माझा वादही नव्हता.

संध्याकाळी काकाजी पुरणपोळीला आले, नेहमीसारखे. अंगणात बैलांपाशी थांबले. डाव्या बैलाच्या कपाळावरचा शिंपला बोटानं चाचपून बघितला. मग मामाजींकडे न बघताच म्हणाले, "येक मलेबी दे. माह्या बैलाले बांधीन पुढच्या पोयाले."

मामाजी पाटावर बसले होते. त्यांनी पोळीवर तूप घेतलं, घास मोडला आणि म्हणाले, "देनार नाई. नाल्यात उतर, आपल्या हातानं काढ. अन् तुले कोनी खोटा म्हटलं, तं मले आवाज दे."